खोली फिरवून दाखवा

परीक्षेच्या आधी कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला,
खोली फिरवून दाखवा.
मी लॅपटॉप उचलून हळूहळू फिरवला:
एकवीरेची तसबीर,
शिशाच्या गोळ्या ओवलेलं जाळं, डिझेलचा रिकामा कॅन,
खिडकीत सुवर्णदुर्ग, भरतीनं पायाशी भिजलेला,
आणि दारात सुकट निवडत बसलेली आई.
"त्या कोण?"
आई.
"त्यांना बाहेर जायला सांगा."
आई सूप घेऊन उठली.
त्याच्याकडे नेमकं कुठं बघायचं न कळून
इन्व्हर्टरकडे बघत म्हणाली,
"मला यातलं कायपण येत नाय हो."

तीन तास. दीडशे प्रश्न.
चाचणीत किती जण होते, मधेच सोडून कितीजण गेले
आणि ते का गेले हे कुणी लिहिलं का.
औषधानं कुणाला अपाय झाल्याचं कानावर आलं
तर कुणाला कळवायचं, किती तासांत.
मंजुरी ज्या आजारासाठी, त्याच्या पलीकडचं
डॉक्टरनं विचारलं तरच बोलायचं,
आणि विचारलं तेवढंच.

बर्फाच्या बिलावरून मान न उचलता बाबा म्हणाले,
"कागद कशाला? दर्या कागद वाचत नाय."
खरंय. हरेश्वर तांडेलाची परीक्षा कुणी घेतली?
आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा
दर पावसाळ्यात जागा बदलतो,
आणि नारळीपौर्णिमेनंतर ते दर वर्षी
काहीच ठाऊक नसल्यासारखे
बांबूनं पाणी मोजत आत शिरतात.

पण मला कशावरून ओळखायचं?
आठ वर्षं दापोली, खेड, चिपळूण,
दवाखान्यांच्या बाकांवर खोकणाऱ्यांच्या मधे बसते.
बॅगेत सँपल नाही, पेन नाही, कंपनीची डायरी नाही.
कंपाउंडर म्हणतो, एमआर गुरुवारी.
मी म्हणते, मी विकायला नाही आले.
तो हसतो.
विकायला न आलेला माणूस
त्यानं अजून पाहिलेला नाही.

निकाल लागला त्याच महिन्यात डॉ. मुकादमांनी विचारलं:
रक्त पातळ करणारी ही तुमची गोळी.
पेशंट खलाशी, वय एकाहत्तर, किडनी निम्मी गेलेली,
वर कंबरेसाठी कुठलासा काढा पितो.
देऊ?

आधीची मी काहीतरी बोलले असते.
समोरची शांतता बुजवायची सवय असते आपल्याला
आणि कार्डावर कंपनीचं नाव असतं.
किडनीचं ठाऊक होतं, ते आकड्यांसकट सांगितलं,
त्या आकड्यांत सत्तरीपुढचे थोडेच होते, हेही.
काढ्याचं म्हणाले, मला माहीत नाही.
शोधते. सापडेल ते लेखी पाठवते.
नाहीच सापडलं तर तसंही लिहिते.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"कंपनीच्या माणसाच्या तोंडून
हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतोय."
मग आत वळून, "एक चहा वाढव रे."

रात्री हे घरी सांगितलं.
बाबा बांगड्याचा काटा काढत राहिले.
बऱ्याच वेळानं, ताटाकडेच बघत म्हणाले,
"गज्याला तेवढं बोलता आलं असतं तर."

गजाकाका. अमावस्येची रात्र.
दांडा कुठंय ते मला माहीत आहे, म्हणाला होता.
बोटीवर चार जण होते.
तीन पोहत आले.

प्रमाणपत्र पोस्टानं आलं, नाव एका अक्षरानं चुकलेलं.
आईनं ते बोटीच्या लायसनच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं,
तिथंच कोरडं राहतं.
बाबांनी विचारलं, कायमचा का हा?
नाही, तीन वर्षांनी संपतो.
"मग?"
मग परत. नवीन काय आलंय ते शिकायचं, परत दाखवायचं.

बाबांनी पिशवीची गाठ घट्ट केली.
"हां," म्हणाले,
"मंग खरा असंल."