पन्नासपैकी एकतीस

अठ्ठावीस वर्षं मी सत्तरीतल्या काजूच्या भट्ट्या तपासल्या.
काचेची नळी दारूत सोडायची,
तरंगत जिथं थांबेल तो ग्राव,
वहीत आकडा, खाली सही.
वहीला चवीचा रकाना नव्हता.

म्हणून पणजीच्या त्या एसी हॉलमध्ये
समोर नऊ पेले, पेन्सिल, पावाचे कोरडे तुकडे
आणि छापील कागद : रंग, फेस, वास, अंग, शेवट.
अंग म्हणजे हो काय, मी विचारलं.
तोंडात किती जड वाटते ते, शार्दूल म्हणाला.
पुण्याचा पोरगा. पेल्यात नाकानं शिरायचा,
बाहेर यायचा तो एकेक विशेषण घेऊन.

सातव्या पेल्याखाली चिठ्ठी : हिवाळी एल.
हिवाळी!
आमच्याकडे हिवाळा म्हणजे पंखा पाचावरून तीनवर.

रंग :
शाकुतीचं खोबरं करपायच्या
एक मिनिट आधी असतं तसा.
फेस : होडी गेल्यावर काठाला उरतो तेवढाच.
वास : माडाचा काळा गूळ, आणि त्याच्या मागे
कुणीतरी ओळखीचं, दाराआड उभं.

धणे, शार्दूल म्हणाला.
तिसऱ्या परीक्षक बाईंनी लिहिलं, लिंबाची साल.
मी घोट तोंडात धरून बसलो
आणि जिभेचं टोक हळूच बधिर झालं.
बांगड्याच्या हुमणात ठेचून घालतात ते. तिरफळ.
सांगितलं नाही. कागदाला ते कुठं लिहायचं होतं?

पण शेवट गोड, चिकट,
शेवटची बस चुकल्याचं सांगणाऱ्या पाहुण्यासारखा.
पन्नासपैकी एकतीस.

जिन्यावर ती भेटली. रोवेना कुलासो, दिवाडीची,
पायात रबरी चपला, हाताला यीस्टचा वास.
"सायबा, उणें कितें?"
गोड जास्त, मी म्हणालो.
तिनं मान हलवली, वाद घातला नाही.
बिनलेबलाची एक बाटली हातात दिली :
"थंडी पडली म्हण्टकच उगडात. फ्रिजांत दवरूं नाकात."

तांदळाच्या पिंपामागे ती राहून गेली.

जानेवारीत म्हाळू गावकराची मिरची राखायला गेलो,
गवे उतरतात म्हणून.
माळ्यावर दोघं, एक घोंगडी, एक टॉर्च,
सुपारीच्या झावळ्यांवरून दव
ठिबकत होतं, घड्याळ नसल्यासारखं.
दोन वाजता बाटली आठवली.
स्टीलच्या पेल्यांत ओतली.

तोच गूळ, पण आता पाहुणा नव्हता तो,
घरचाच कुणी उशिरा परतलेला.
तिरफळ जिभेवरून कानांपर्यंत गेलं
आणि तिथंच बसलं, ऊब धरून.
म्हाळूनं पेला पालथा करून शेवटचा थेंब पाहिला :
"सोरो न्हय हो. पूण बरो आसा."
मोजून पाच शब्द. रकाना एकही नाही.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं :
आधी तापमान घ्या, मग नळीचा आकडा.
थंडीत तीच दारू वेगळी दिसते,
त्यासाठी कोष्टक असतं, पानभर.
हॉलमध्ये मी ते विसरलो म्हणावं,
तर एसी अठरावर होता
आणि माळ्यावरही तेवढंच असेल, फार तर दोनाचा फरक.
कोष्टकानं एक गुणही वाढवून दिला नसता.

निकाल केव्हाच लागला.
पहिला नंबर कुठल्याशा आंब्याच्या बिअरला.

सकाळी केरीच्या पोस्टात एक कार्ड घेतलं.
रोवेनाबाय, असं लिहून बराच वेळ थांबलो.
चूक झाली, लिहिलं, खोडलं.
शेवटी एवढंच :
गूळ तसाच असू दे. तिरफळ एक दाणाही कमी करू नकोस.
खाली सही केली, जुन्या सवयीनं
तारीख टाकली, आणि ग्रावाच्या जागी
एक रेघ ओढून सोडून दिली.

गवे आले नाहीत त्या रात्री.
किंवा आले असतील.
आम्ही टॉर्च लावलाच नाही.