चारशे दाणे

मी दाणे मोजते. सरकारी पगारावर.
शंभराचे चार गट, एकूण चारशे.
ओल्या कागदावर ओळीत मांडते,
शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं बसवावीत तसे.
कागद गुंडाळते, रबर लावते,
पंचवीस अंशांच्या कपाटात उभे करते
आणि दार लावता लावता
प्रत्येक गुंडाळीला तेच विचारते:
येतोस का?

ज्वारीचं शेवटचं उत्तर दहाव्या दिवशी,
तुरीचं सहाव्या.
कपाशी बारा दिवस घेते.
तिचाच दुपट्टा खांद्यावर टाकून
मी तिची वाट बघते,
बाहेर वर्धा रोडवर हॉर्न वाजत असतात.

सोयाबीन सत्तर टक्क्यांत पास.
हरभऱ्याला पंच्याऐंशी लागतात.
जेवताना हे घरी बोलून गेले
तर दहावीतला निनाद म्हणाला,
"आई, तू मला सोयाबीन समज."

सासूबाई भिवापूरच्या.
जिभेला तिखट चालतं, आणि बोलण्यातही.
"चारशे मोजून रायली तू?
आमी त फडक्यात मूठभर बांधत होतो,
पानी शिंपडून चुलीपाशी ठेवत होतो.
तिसऱ्या दिशी पुरचुंडी फुगली
का समजायचं, पेरा आता."
मी म्हटलं, आई, तीच तर प्रयोगशाळा.
"मंग तुले पगार कायचा देतेत?"

या नोकरीनं एक खोड लागली.
सकाळी बसस्टॉपजवळ
द्रोणात तर्री-पोहे घेते
आणि पहिला घास तोंडाशी थांबतो.
हे चपटे झालेले भात,
हे रश्श्यात बुडालेले चणे,
यांना कोणी ओल्या कागदावर ठेवलं नाही,
कोणी विचारलं नाही.
जवसाची चटणी, करडईचं तेल, डब्यातलं वरण,
जे जे आपण खातो
ते उगवायचं राहून गेलेलं असतं.
रोज एक अख्खं शेत
आपल्या पोटात, न उगवता, थांबतं.
आणि त्याच जोरावर मी जिना चढते,
हजेरीवर सही करते,
बसमधे मुसंडी मारून जागा पकडते.

पोहे थंड होतात. पोहेवाला कुंभारे म्हणतो,
"मॅडम, खडा लागला का?"
नाही, दादा. लिंबू द्या.

यंदा जूनमधे एक तुरीचा नमुना आला.
पाकिटावर गाव नसतं, फक्त नंबर.
चौथ्या दिवशी मोजले, सहाव्या दिवशी मोजले.
एकसष्ट टक्के.
बाकीचे काही कुजलेले, काही दगडासारखे कोरडे,
काही वाकडे, एका मुळावर लटकलेले.
तुरीला पंच्याहत्तर हवेत.
रजिस्टरमधे लिहिलं, नापास. खाली माझी सही.
हात हलला नाही, तो हलवायचाही नसतो;
कुणाचं तरी अख्खं वावर त्या एका शब्दावर
मोकळं राहण्यापासून वाचतं.

मोजून झालेले कोंब आम्ही फेकतो.
पण शिपाई तितरमारे फेकत नाही.
इमारतीमागे, पाण्याच्या टाकीपाशी,
त्यानं जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं सरी ओढली
आणि नापास नमुना
एकेक कोंब धरून लावला.
साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "तन हाय जी."

जानेवारीत ते तण माझ्या डोक्यावर गेलं.
पिवळी फुलं झडून शेंगा भरल्या होत्या.
दुपारी चारला, चहाच्या वेळी,
पाणी गरम करायच्या भांड्यात
तितरमारेनं मूठभर मीठ टाकून त्या उकडल्या.
खोलीभर हिरवा वास.
टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर वाफ,
साहेबही आले, उभ्यानंच सोलू लागले.
बोटं भाजत होती, कोणी थांबत नव्हतं.

माझ्या पहिल्या शेंगेत चार दाणे निघाले.
सवय आहे, मोजले गेले.
मग खाल्ले.