बसली, पण दिसली नाही

बिश्केकच्या बाजारात, जिन्याखाली माझा गाळा:
एक टेबल, एक दिवा, आणि बशीत तिळाएवढे स्क्रू.
ते उघडे असले की मी शिंकही दाबून धरतो.

बुरमाकान एजेंनी लॅपटॉप शालीत गुंडाळून आणला.
दहा-अकरा वर्षांचा, बिजागरी सैल.
सोबत लेकाने येकातेरिनबुर्गहून धाडलेली
कोरी करकरीत एसएसडी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी.
"ओरोझ म्हणाला, ही घातलीस की
हरणासारखा धावेल."

मागचं झाकण उघडलं.
आत धूळ, लोकरीचा एक धागा,
आणि स्लॉट. रिकामा.
खाच जुळत होती, लांबीही.
पट्टी तिरकी धरली, सरकवली, दाबली, स्क्रू आवळला.
बसली.

बायोस म्हणाला, इथे कोणी नाही.
काढली, पुसली, पुन्हा बसवली.
कोणी नाही.

कसं सांगायचं त्यांना,
दार मापाचं आहे, पण आतल्या तारांना
साटाचीच बोली कळते,
आणि ही आलेली एनव्हीएमई.
चूक दोघींचीही नाही.
(ही एवढी ओळ खोक्यावर ठळक छापली असती
तर माझे निम्मे केस काळे राहिले असते.)

"दोन खाचांची मिळते, साटावाली. हिच्या बदल्यात देतो,
वर थोडे सोम परतही."
त्यांनी पट्टी मुठीत घेतली.
एकतीस वर्षं सुसामीरच्या वेधशाळेत
काठी रोवून बर्फ मोजलेली मूठ ती.
त्या वह्यांतले आकडे आता एका बोटाने टंकतात:
चौऱ्याऐंशी, फेब्रुवारी, एकशे बारा सेंटीमीटर.

"बाहेरून नाही जोडता येत?"

येते. डबीत घालून, केबलने.
पण पोर्टही जुनं आहे, एजे.
हरीण चालेल. धावणार नाही.

"चालू दे. मला तरी कुठे पोचायचंय."

डबीचा दिवा लागला. निळा.
चौऱ्याऐंशी साल आत गेलं, मागून पंच्याऐंशी,
हिरवी रेघ इतकी सावकाश
की माझा चहा दोनदा निवला.

निघताना केबल काढलीच नाही त्यांनी,
शालीत सगळं एकत्र गुंडाळलं.
मग माघारी वळून बशीकडे बोट:
"तो स्क्रूही दे, बालाम.
खोक्यात त्यानंच पाठवलाय."