सतरा आणि अठरा

सोळाच्या रात्री मी झेंड्याला इस्त्री करते,
कोमट, उलट्या बाजूनं.
पहिल्या वर्षी टूरिडनं शिकवलं,
कारखान्यात कॉडचे काटे काढता काढता.
आणखीही नियम आहेत :
झेंडा जमिनीला टेकू नये.
रात्री नऊला उतरवावा.
या दिवसांत इथे सूर्य मावळतच नाही,
समुद्राच्या कडेला रेंगाळतो
चपला घालूनही दारात बोलत राहिलेल्या पाहुण्यासारखा.
आम्ही घड्याळ बघून उतरवतो.

सतरा मे. रस्त्याकडेला अजून बर्फ, काळा पडलेला.
बायकांच्या लोकरी पोशाखांवर चांदी किणकिणते.
मी रेशमी साडी नेसते, आत दोन थर्मल, वर कोट.
दरवर्षी कोणीतरी विचारतं, थंडी नाही वाजत?
दरवर्षी मी सांगते, वाजते.

यालिनी शाळेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवते.
ती समोरून गेली की मी हुर्रा ओरडते,
मनापासून. सिवनेसन म्हणतो, बंदरापर्यंत ऐकू जातं.
जाऊ दे.
या देशाच्या दिवशी रणगाडे निघत नाहीत,
मुलं निघतात, नाकं पुसत, रांग मोडत.
एवढ्यासाठी घसा बसला तर बसला.

एकाच वर्षी नाही ओरडले.
तेव्हा ती तीन वर्षांची, बापाच्या खांद्यावर,
हनुवटीवर आइस्क्रीम.
माझ्या कोटाच्या खिशात फोन.
तीन दिवसांपूर्वी धाकटा म्हणाला होता,
अक्का, नंतर बोलू, इथे आवाज फार आहे.
बँड जवळ येत होता.
मी एका कानात बोट घालून
दुसऱ्या कानानं
न लागणारा नंबर ऐकत उभी.
टूरिडनं हातात झेंडा दिला.
मी हलवला.
हात हलतोच.

गावात हॉल एकच.
सतराला केक, अठराला आम्ही.
किल्ली आर्नुल्फकडे. पहिल्या वेळी त्यानं विचारलं,
उद्यापण पार्टी?
त्यांच्या भाषेत मला सण येत होता,
वाढदिवस येत होता, पगार, रजा, पाठदुखी येत होती.
याला शब्द नव्हता.
म्हटलं, जेवण.
खोटं नव्हतं ते.
तांदूळ, पाणी, मीठ.
तिकडे शेवटी शेवटी एवढंच उरलं होतं,
तेही रांगेत,
आणि रांग तरी कुठे पूर्ण व्हायची.

कांजी करवंटीत द्यायची असते.
इथे करवंट्या कुठल्या, आम्ही स्टीलच्या वाट्या नेतो.
यंदा त्या घरीच राहिल्या, दाराशी, पिशवीत.
हॉलच्या कपाटात कालचे उरलेले कागदी पेले,
काठाभोवती लाल, पांढरे, निळे छोटे झेंडे.
सिवनेसन म्हणाला, यात नाही.
दोन म्हातारे म्हणाले, यात नाही.
मेणबत्त्या पेटल्या होत्या, कांजीवर साय धरत होती.
मी पळी उचलली.

आर्नुल्फ खुर्च्या मोजायला आला होता.
त्यालाही दिला एक पेला.
चाळीस वर्षं मासा खारवणारा माणूस,
एक घोट घेऊन थांबला.
मीठ बरोबर आहे, म्हणाला.
मग भिंतीवरचे फोटो बघत
टोपी काढून हातात धरून
उभ्यानंच सगळं प्यायला.
धाकट्याचा फोटो तिसऱ्या ओळीत आहे.
मी दाखवला नाही. त्यानं विचारलं नाही.

आई म्हणायची, ज्यानं मीठ वाढलं
त्याला जिवात जीव असेतो विसरू नये.
एकाच माणसाचं बोलत होती ती.
इथे माझ्या बोटांच्या चिरांत
वीस वर्षांचं मीठ आहे, दर महिन्याच्या पंधराला पगार होणारं,
आणि जिभेवर हे.

नंतर यालिनी आवरत होती.
पेले एकात एक घालत गेली,
झेंडे एकमेकांच्या आत शिरत गेले,
सगळ्यात वरचा तेवढा दिसत राहिला,
ओला,
काठाला चार शितं चिकटलेला.
अम्मा, हे कुठल्या डब्यात टाकायचं?
मला नियम माहीत नव्हता.