न दिलेला होकार

पुंता अरेनासला जूनमध्ये सकाळ दहाला होते.
तोवर इस्पितळाच्या धुलाईघरात ट्यूबलाइटचंच राज्य.
बाहेर वारा. चौकात दोर बांधलेत,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
एका हातात दोर, एका हातात मीटरची पेटी, असा मी आलो.

तीन नंबरचं मशीन.
साठ किलो ओलं कापड पोटात घेऊन
मिनिटाला सातशे फेरे मारतं;
पाणी भोकांतून पळ काढतं,
कापड मात्र भिंतीला चिकटून बसतं, जीव मुठीत धरून.

तक्रार: प्रसूती वॉर्डाच्या निळ्या ब्लँकेटांवर पांढरे डाग.
रजिस्टरात लाल शाईनं तीनदा एकच नाव,
नेलिदा बारिया.
‘बाई ब्लीच सांडते,’ ओयार्सून साहेब म्हणाले
दारातूनच. आत आले की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरते.

नेलिदा गप्प.
एकतीस वर्षांत मशीननं तिचा डावा कान खाल्लाय.
उजवा माझ्याकडे करून एवढंच म्हणाली,
‘पोरा, धुताना नको बघू. पिळताना बघ.’

पॅनेल उघडलं.
आत कापसाचा भुगा, आणि कुणीतरी मागे ठेवलेला
एक सुकलेला पाव.
मशीन पंपाला एका तारेवरून सांगतं: आता साबण.
दुसरीवरून: आता ब्लीच.
तार जिवंत झाली की होकार, मेली की नकार.
बोलीभाषा दोनच शब्दांची,
भांडणाला जागाच नाही, असं आपल्याला वाटतं.

धुताना सगळं शहाण्यासारखं.
मग ड्रम फिरू लागला, दोनशे, चारशे,
इन्व्हर्टर शिट्टी घालायला लागला,
आणि ब्लीचच्या तारेवर
मीटरनं दाखवले एकाहत्तर व्होल्ट.

कुणी पाठवले नव्हते.
रिले उघडा होता, मी बोटानं तपासला.
तरी पंपाच्या खोक्यावरचा हिरवा दिवा
एकदा लुकलुकला,
आणि नळीतून ब्लीचची एक चूळ
फिरत्या निळ्यावर पडली.

मोटारीची जाड केबल आणि सिग्नलची ही बारीक तार
एकाच पाइपातून, अंगाला अंग लावून,
नव्वद फूट.
जाडी ओरडायची, बारकीच्या कानात ते घुमायचं,
आणि पलीकडे पंप समजायचा: मला हाक मारली.

असं किती वर्षं?
पांढऱ्या चादरींवर पांढरा डाग कुणाला दिसतो?
निळी ब्लँकेटं मार्चमध्ये आली.
त्याच महिन्यापासून नेलिदा निष्काळजी झाली.

दिवसभर नवा पाइप ओढला, हातभर लांबून.
तारेला जाळीचं वेष्टण दिलं,
ते जमिनीला जोडलं, पण एकाच टोकाला;
दोन्हीकडे जोडलं तर तेच गाऊ लागतं.
पंपाच्या दाराशी एक छोटा रिले बसवला, द्वारपाल म्हणून.
आमच्यात म्हणतात, रिकाम्या तारेला भूत धरतं;
जरा ओझं दिलं की उतरतं.
हे मी नेलिदाला सांगितलं.
ती म्हणाली, ‘माणसांचं उलटं असतं,’
आणि ट्रॉली ढकलत निघून गेली.

संध्याकाळी चाचणी. सातशे फेरे.
मीटरवर शून्य. हिरवा दिवा मुका.
ती काचेवर तळवा ठेवून उभी,
मशीनचा ताप बघावा तशी.
थांबल्यावर कुलूप खट्‌कन सुटेपर्यंत तिनं हात काढला नाही.
मग एकेक ब्लँकेट उजेडात धरलं.
निळं. निळं. निळं.
एकाचा काठ उसवलेला, तेवढा तिनं दातानं धागा तोडून सरळ केला.

अहवालात मी लिहिलं: तारांमधील अंतर अपुरे. दुरुस्त.
साहेबांनी सही केली.
रजिस्टरातली लाल नावं खोडायला
त्यात रकाना नव्हता.

परत जाताना नेलिदानं मला तो सुकलेला पाव दिला,
कागदात गुंडाळून.
‘मागच्या इलेक्ट्रिशियनचा,’ म्हणाली.
‘त्यानंच तो पाइप टाकला. भेटला तर दे.’