पाणी उघडं ठेवायचं

आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेनं कागद पुढे सरकवला:
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा
झोप उडाली, कशातच मन लागेना,
आपण नसतो तर बरं, असं वाटलं?
कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, जवळजवळ रोज.
चार चौकोन, सुबक, खिडक्यांसारखे.
मी सगळीकडे 'कधीकधी'वर फुली मारली
आणि शाळेच्या स्वयंपाकघरात परत गेले.
गुरुवार होता. दोनशे मुलांचं वाटाण्याचं सूप.

चारला जाग येते. कुह्मोत या दिवसांत
काळोख तसाही नऊ-साडेनऊपर्यंत असतो,
त्यातला माझा किती, कुणाला कळणार.

मग औलिसच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं.
दारात उभा, हातात पहार
आणि लांब दांड्याचा झारा.
'तीन आठवडे पाणी तू बघ, राकेल.'
मी पोहत नाही, म्हटलं.
'पोहायला कोण सांगतंय? नुसतं उघडं ठेव.
आणि ठोकशील तेव्हा कडेकडेनं. मध्ये नाही.'

उणे बावीस. नाकातले केससुद्धा कडक.
सौनाच्या मागे, शिडीच्या खाली,
रात्रीतून पाण्यानं खपली धरलेली.
खपली काढू नये, आई म्हणायची,
आपोआप गळेपर्यंत धीर धरावा.
पण या पाण्याचं उलटं.
एक रात्र सोडलं तर बोटभर,
चार रात्री सोडलं तर वीतभर,
आणि नंतर वरून चालत जाणाऱ्याला
इथे पाणी होतं हेही कळत नाही.

सहाला इम्पी येते. वय एक्याऐंशी.
लोकरी टोपी डोक्यावर तशीच ठेवून उतरते,
पाण्याला शिवी देते, रोज तीच,
वर येते ती गुलाबी होऊन.
कशी आहेस, असं तिनं कधी विचारलं नाही.
'आज जाड होता का?'
एवढंच.

अकराव्या दिवशी मी उठले नाही.
डोळे उघडे होते. पाय माझे नव्हते.
फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला.
भिंतीच्या कागदावरची फुलं मोजली,
सदतीसनंतर चुकले.

बाराव्या दिवशी मान खाली घालून गेले,
तर पाणी उघडं.
कड वेडीवाकडी, एका अंगाला फार तुटलेली,
कुणीतरी अडाण्यानं मध्येच ठोकलेलं,
आणि बर्फावर तीन जोड्या बुटांचे ठसे,
त्यातला एक लहान मुलाचा.
इम्पीनं थर्मासचं झाकण भरून कॉफी दिली.
'काल जाड होता,' म्हणाली.
माझ्या पापण्या गोठल्या. थंडीच तेवढी होती.

औलिस काठी टेकत परतला.
पहार त्यानं मागितली नाही.

मार्चमध्ये पुन्हा तोच कागद, तेच चौकोन.
पेन बराच वेळ हातात.
मागच्या वेळचं खोडता येईल का, मी विचारलं.
परिचारिकेनं खुर्ची जवळ ओढली,
घड्याळाकडे पाठ करून बसली.
चौथा चौकोन.
कडेकडेनं सुरुवात केली.