फाईल ३०१७

शारजात, रोल्यातल्या आमच्या दुकानात
मेलेल्या डिस्का येतात त्या बहुधा लग्नांच्या,
नाहीतर कुणाच्या हिशेबाच्या.
ओन्येमाएचीने आणली ती टॉवेलात गुंडाळून,
डब्यातली आमटी सांडू नये तशी, आडवी धरून.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "माझी आत्या, तिच्या मैत्रिणी,
एक सुतार, आणि कोनफळाची बावीस नावं."
"कॉपी आहे का दुसरीकडे?"
मी सगळ्यांनाच विचारते.
वेअरहाऊसची ड्युटी बारा तास, खोलीत सहा जण,
वरच्या बंकवरून पडली.
एवढंच बोलला.

कानाशी धरली. टक्. टक्. टक्.
कुणी कडी वाजवत राहावी,
घर केव्हाच रिकामं झालंय हे ठाऊक नसताना.

त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधली,
तिचं हेड हिच्यात बसवलं, श्वास रोखून,
कारण इथे धूळ म्हणजे वाळू.
नऊ दिवस कॉपी चालली, अडली, चालली.
सहा हजारांतल्या चार हजार एकशे बारा आल्या.
आल्या, पण बिननावाच्या.
फाईल १, फाईल २,
शिरगणतीत मोजल्यासारख्या.

मग तो रात्री साडेआठला यायचा,
हेडफोन लावून एकेकीचं बारसं करत बसायचा.
एकदा एक कान मला दिला.
"अक्वा," आत्या म्हणाली. परत "अक्वा". चारदा.
मला चारही सारखेच.
त्याने हाताने हवेत दाखवलं:
दोन्ही वर, रडणं.
वरून खाली, कापड.
खालून वर, अंडं.
दोन्ही खाली, पलंग; नाहीतर पूल,
ते शेजारचा शब्द ठरवतो.
"खुणा नाही दिल्या," तो म्हणाला,
"तर माणूस पुलावर चालतोय की अंड्यावर, कळत नाही."

माझी आई अहिराणी बोलते.
मी फोनवर तिला पुस्तकी मराठीत उत्तर देते,
चाळीसगाव सुटल्यापासूनची खोड.
त्या रात्री ती म्हणाली, "काय करी ऱ्हायनी?"
मी म्हटलं, "काम करते आहे."

फाईल ३०१७. बारा सेकंद.
शेळी ओरडते, कुणीतरी भांडं खाली ठेवतं,
आत्या एक शब्द बोलते
आणि बायका हसत सुटतात.
त्याने सात वेळा ऐकली.
बहिणीला पाठवली, बहिणीने एनुगूतल्या एका मास्तरांना.
कुणालाच ठाऊक नाही.
आत्या गेली त्याला दोन वर्षं झाली.
"आणि त्या हसणाऱ्या?"
त्याने पंजा उघडला,
मग मिटला.

"हिला काय नाव देऊ?"
"आकडाच राहू दे."

पैसे दोन हप्त्यांत दिले.
शेवटच्या दिवशी खिशातून कोलाची बी काढली.
ती बायकांनी फोडायची नसते, अशी रीत.
आणि तिच्यासमोर इंग्रजी बोलायचं नाही,
तिला कळत नाही.
आमच्या दोघांत तर तेवढी एकच भाषा.
मग आम्ही गप्प बसलो.
तो बीशी त्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटला, फोडली.
चार फाकी निघाल्या. तो खूश झाला,
त्यांच्याकडे बाजाराचे वारही चारच.
मी एक चावली. कडू,
एरंडेलापेक्षा बरी.
जाताना दार उघडलं
आणि बाहेरच्या दमटीने त्याचा चष्मा पांढरा झाला.

दुकानाचा नियम आहे:
सात दिवसांनी गिऱ्हाइकाचं सगळं पुसायचं.
आठव्या दिवशी मी पुसलं, वहीत सही केली.

हल्ली घरी जाताना सिग्नलला थांबले
की तोंडातून निघतो तो शब्द.
वर, खाली, खाली, वर.
अर्थ माहीत नाही.
कदाचित शिवी असेल.
बायका ज्या तऱ्हेने हसल्या
त्यावरून तरी वाटतं.